पणजोबांची अकरा पिक्चर पोस्टकार्डं: पालवा बंदर आणि आपली गंगा

नाशिकची नात

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

गेल्या महिन्यात आत्याचं घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत धोतराच्या फडक्यात बांधलेली अकरा पिक्चर पोस्टकार्डं सापडली. माझे पणजोबा मुंबईला गोदीत कारकून होते आणि कुटुंब नाशकात. सात कार्डं मुंबईच्या बंदराची आहेत: पालवा बंदराची तीन, प्रिन्सेस डॉकचं एक, ससून डॉकचं एक, ताज हॉटेलचं एक आणि एक नुसत्या आगबोटीचं. ही सातही पोस्टाने घरी आलेली. तिकिटं मात्र कुणीतरी सोलून काढलीत (आमच्या घरात तीन पिढ्यांना तिकिटं जमवायचा नाद होता, त्यामुळे संशयित बरेच). शिक्क्याची कड कार्डावर उरलीय ती एकाच ठिकाणी, आणि तिथे फक्त "११" वाचता येतं. मजकूर मोडीत आहे, तो मला वाचता येत नाही.

उरलेली चार नाशिकची. पाठ कोरी, पत्ता नाही, तिकीट नाही. त्यातल्या एकावर शाईने बारीक फुली मारलीय. आत्या म्हणते, फुली म्हणजे आपला वाडा. माझा गोंधळ इथेच होतो. आमचा वाडा सुंदरनारायणाच्या देवळाजवळ, गावाच्या बाजूला होता. १९६९च्या पुरानंतर तो सोडला. कार्डात मागे व्हिक्टोरिया पूल दिसतो (आताचा अहिल्याबाई होळकर पूल), म्हणजे फोटो खालच्या अंगाने, प्रवाहाच्या उलट तोंड करून काढलाय. तसं असेल तर डावीकडे गाव आणि उजवीकडे पंचवटी. फुली आहे उजवीकडे. म्हणजे आम्ही मूळचे पंचवटीतले की काय? घरात या प्रश्नावर दोन तट पडलेत.

कार्डं कधीची असतील, आणि फुलीचा घाट कुठला, कुणी सांगू शकेल का? फोटो जोडतेय.

तांबट आळी

काय खजिना लागलाय हाती! प्रिन्सेस डॉकवाल्या कार्डातल्या शिडाच्या होड्या बघतच राहिलो.

पालवा

मुंबईकराकडून पहिली मदत. पालवा बंदराच्या तिन्ही कार्डांत गेटवे नाही. गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ला झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ला. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ला, आणि तुमच्या दुसऱ्या कार्डात ताजचा घुमट पूर्ण दिसतोय. म्हणजे १९०३ ते १९१३ या दहा वर्षांत कार्डं बसली.

लोकांना वाटतं गेटवे तिथे पहिल्यापासून होता. त्याच्या आधी तो नुसता धक्का होता, संध्याकाळी हवा खायला यायची जागा. घोडागाड्या उभ्या, पारशी कुटुंबं फिरतायत, समोर नांगरलेल्या बोटी. इंग्रज त्याला अपोलो बंदर म्हणायचे, आपले लोक पालवा. माझी आजी शेवटपर्यंत "पालव्यावर जाऊन येऊ" म्हणायची, म्हणून हे नाव घेतलं.

भिंगवाला

पालवा, एक दुरुस्ती. गेटवे नसणं यावरून फोटोचा काळ कळतो, कार्डाचा नाही. छापणारे एकच फोटो वर्षानुवर्षं विकायचे. गेटवे बांधून झाल्यावरही दुकानांत जुनी कार्डं संपेपर्यंत मिळतच असणार.

कार्डाचा काळ पाठीवरून काढायचा. ताई, मागे मधोमध उभी रेघ आहे का? सुरुवातीच्या पिक्चर पोस्टकार्डांच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. मजकूर लिहायचा तो चित्राच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत, मुंगीच्या पावलांनी. ब्रिटनने १९०२मध्ये पाठीचे दोन भाग करायला परवानगी दिली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. इतर देश पुढच्या काही वर्षांत त्याच वाटेने गेले.

आणि एक विनंती. फुलीवाल्या कार्डाचा मोठा स्कॅन टाका. निदान ६०० डीपीआय. मोबाइलच्या फोटोत डावा काठ नुसता करडा डाग दिसतोय.

नाशिकची नात

हो, सातही कार्डांना मागे रेघ आहे. स्कॅनर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे आहे, सोमवारी जाऊन येते.

प्रेस कॉलनी

नाशिकची कार्डं आहेत तर आपल्या प्रेसमध्येच छापली असतील की. माझे वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. देशभरातली पोस्टकार्डं इथून जायची.

भिंगवाला

जायची खरी, पण ती सरकारी कार्डं, तिकीट आधीच छापलेली. तुमच्या वडिलांची प्रेस १९२५ला सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनहून, डे ला र्यू कंपनीकडून यायची. पिक्चर पोस्टकार्डं हा खाजगी दुकानदारांचा धंदा. मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनी होती, फोटोटाइप कंपनी होती, लंडनची राफेल टक होती. छपाई पुष्कळदा जर्मनीत व्हायची. कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात "सॅक्सनी" किंवा "जर्मनी" दिसलं तर ते बहुधा १९१४च्या आधीचं, कारण महायुद्ध लागलं आणि तो माल यायचा थांबला.

गंमत बघा, नाशिकच्या घाटाचा फोटो इथे काढायचा, निगेटिव्हची काच बोटीने जर्मनीला जायची, छापील कार्डं बोटीने परत मुंबईला, तिथून रेल्वेने नाशिकला. तुमच्या पणजोबांच्या गोदीतूनच हा माल उतरला असेल.

प्रेस कॉलनी

बरोबर, १९२५. मान्य. पण १९३१ला नवी दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटं निघाली, देशाची पहिली स्मारक तिकिटं, ती नाशिकलाच छापली. एवढा अभिमान आम्हाला बाळगू द्या :)

भिंगवाला

बाळगाच. माझ्याकडे त्यातली चार आहेत.

गोदाकन्या

मला पालवा बंदरापेक्षा घाटाची कार्डं जास्त आवडली. लहानपणी आम्ही "गोदावरीवर" असं कधी म्हणतच नव्हतो. "गंगेवर जाऊन येते." आजही आई तसंच म्हणते. बुधवारचा बाजार गंगेवरचा, भांडी घासायची वाळू गंगेवरची, राखी बांधून झाल्यावर नारळ गंगेत. कार्डावर खाली इंग्रजीत "गोदावरी, नासिक" लिहिलंय, पण त्या पायऱ्यांवर बसलेल्या एकाही बाईने त्या नदीला गोदावरी म्हटलं नसेल, संकल्प सोडताना भटजींनी म्हटलं असेल तेवढंच.

आणखी एक. कार्डात पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि मध्ये खडक उघडे दिसतात. आमच्या लहानपणीही काही ठिकाणी ते दिसायचे. २००३च्या सिंहस्थाच्या तयारीत कुंडांचे तळ काँक्रीटने झाकले. त्यानंतर कितीतरी जण ते काँक्रीट काढावं म्हणून झगडतायत. जिवंत झरे बुजले असं ज्यांनी सांगितलं, त्यांचं म्हणणं आधी कुणी मनावर घेत नव्हतं. अशी जुनी कार्डं पुढे आली तर बुजलेलं काय होतं ते निदान दाखवता येईल. म्हणून ताई, फोटो मोठे टाकाच.

पंचवटीकर

गोदाकन्या, अगदी खरं. आमच्या दारात उभं राहून पन्नास वर्षं नदी बघतोय.

आता फुलीबद्दल. ताई, तुमच्या आत्याबाईंचं ऐका किंवा न ऐका, कार्ड पंचवटीच सांगतंय. पूल मागे असेल तर उजवा हात पंचवटीकडे, यात वाद नाही. १९१०च्या सुमारास गावात दुसरा मोठा पूलच नव्हता. रामसेतू, गाडगे महाराज पूल हे सगळे नंतरचे. तुमचे पणजोबा आमचे शेजारी निघाले तर पेढे मी देणार.

तांबट आळी

पंचवटीकर काका, पेढ्यांची तयारी ठेवा, पण घाई करू नका.

डोळस

धागा वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली. विषय थोडा बाजूला जाईल.

या कार्डांत घाट माणसांनी भरलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं गाव इथे आहे. सगळं गाव तिथे नव्हतं. ज्यांना त्या पायऱ्यांवरून उतरायला मज्जाव होता ते फोटोत नाहीत. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं नाशकात जमली. पुढे काही वर्षं तो लढा चालला. माझे आजोबा पोरवयात त्या मिरवणुकीत होते. आमच्या घरी घाटाचा एकही जुना फोटो नाही.

कार्डं फार सुंदर आहेत, ती जपायलाच हवीत. बघताना एवढं लक्षात ठेवावं म्हणून लिहिलं.

गोदाकन्या

लिहिलंत ते फार बरं केलंत. मी कार्डं पाहिली आणि हा विचार माझ्या मनात आला नाही. आजोबांची आठवण सविस्तर लिहा ना, वेगळा धागा काढून.

डोळस

काढतो. आईकडून एकदा नीट ऐकून घेतो मग.

पुस्तककिडा

बंदर आणि नाशिक हे नातं पणजोबांच्याही फार आधीचं आहे. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याचं लिहिलंय. म्हणजे कोकणात, बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या नद्या. शूर्पारक म्हणजे सोपाऱ्याचाही त्यात उल्लेख आहे. समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावरच्या डोंगरात माणूस होड्यांचं दान कोरून ठेवतो, कारण इथला व्यापार त्या बंदरांवर चालायचा.

आणि नारोशंकराची घंटा! ती पोर्तुगीज आहे. १७३९ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. घंटेवर १७२१ साल आहे. मंदिर १७४७चं. वसईच्या खाडीवर वाजणारी घंटा गंगेवर येऊन लटकली.

पंचवटीकर

आणि पुराचं माप झाली! घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, आमच्याकडे हीच मोजणी. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी आलं की सराफ बाजारातले लोक दुकानं आवरायला घेतात, गळ्याशी आलं की भांडी बाजारात पाणी. १९६९चा पूर वडिलांनी पाहिला. २००८चा आणि २०१६चा मी पाहिला. धरणातून पाणी सोडलं की आधी मारुती बघायला जायचं, टीव्ही नंतर.

पालवा

वसईवरून आठवलं. तुमच्या कार्डांतलं प्रिन्सेस डॉक १८८०चं, त्याच्या शेजारी नंतर व्हिक्टोरिया डॉक झालं. १४ एप्रिल १९४४ला फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला तो व्हिक्टोरिया डॉकमध्ये. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच बोटीत होता. गोदीचा सगळा भाग बेचिराख झाला. तुमच्या कार्डातलं दृश्य त्या आधीचं आहे, ती गोदी तशी पुन्हा कुणाला दिसली नाही. पणजोबा तेव्हा गोदीत होते का?

नाशिकची नात

नाही, ते १९३८ला निवृत्त होऊन नाशकात परतले होते. आत्या सांगते, स्फोटाची बातमी आली त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं अजून तिथे होती.

स्कॅन झाले! ९०० डीपीआयने केलेत, झेरॉक्सवाल्या दादांनी पैसेच घेतले नाहीत, म्हणाले मलाही एक प्रिंट द्या. फुलीवालं कार्ड जोडलंय.

वाईकर

मला तर हा वाईचा गणपती घाट वाटला होता. जुन्या कार्डांवर नावं चुकवायची या लोकांना सवयच होती. पण मोठ्या फोटोत ढोल्या गणपती दिसत नाही, त्यामुळे हक्क सोडतो.

भिंगवाला

ताई, पहाटे तीनपर्यंत हा स्कॅन बघत बसलो होतो. माझं म्हणणं आता मांडतो, पंचवटीकरांनी ऐकावं.

चित्र उलटं छापलंय. आरशात दिसतं तसं, डावं उजवीकडे.

स्कॅनमध्ये डाव्या काठाकडे बघा. आपण ज्याला करडा डाग समजत होतो ती तटबंदी आहे, कोपऱ्याला छत्री आहे, आणि मधल्या भागात भिंतीवर घंटेची जागा दिसते. असा तट असलेलं मंदिर घाटावर एकच, नारोशंकराचं. नारोशंकर पंचवटीच्या काठावर. पूल मागे असताना ते उजवीकडे हवं. इथे डावीकडे आहे.

हे होतं कसं? ही छपाई कोलोटाइपची आहे. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसत नाही, वाळूच्या कणांसारखा बारीक पोत दिसतो. कोलोटाइपमध्ये काचेच्या पाट्यावरून थेट कागदावर छापतात, त्यामुळे निगेटिव्हचा पापुद्रा आधी सोडवून उलटा करून घ्यावा लागतो. ते राहिलं की चित्र उलटं येतं. खालची इंग्रजी अक्षरं वेगळी जुळवलेली असतात, म्हणून ती सरळ दिसतात आणि कुणाला शंका येत नाही. जर्मनीतल्या कारागिराला नारोशंकर कुठल्या काठावर ते कुठून माहीत असणार!

पंचवटीकर

तट दिसतो हे मान्य. पण तो नारोशंकराचाच कशावरून? एखाद्या सरदाराच्या वाड्याचाही असू शकतो. एवढ्यावरून नदीच फिरवायची?

जुनी पेटी

मी एक सुचवू का? पायऱ्यांवर तिसऱ्या ओळीत बसलेल्या माणसाचं जानवं बघा. उजव्या खांद्यावर आहे. जानवं डाव्या खांद्यावर असतं. म्हणजे चित्र उलटंच.

पंचवटीकर

आता आमच्या प्रांतात आलात! मी तीर्थोपाध्यायांच्या घरातला. घाटावर श्राद्ध, तर्पण, अस्थिविसर्जन अखंड चालतं. पितृकर्म करताना अपसव्य करतात, तेव्हा जानवं उजव्या खांद्यावरच येतं. त्या माणसासमोर दर्भ आणि पळी-पंचपात्र दिसतंय. तो पिंडदान करत असेल तर जानवं अगदी बरोबर जागी आहे. या पुराव्यावर नाशकात तरी निकाल लागणार नाही.

जुनी पेटी

काका, हरले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ओझरची सून

मग बायकांकडे बघा की! सगळे जण मंदिरं आणि जानवी बघतायत.

खाली उजवीकडे धुणं धुणाऱ्या चार बाया आहेत. नऊवारी, कासोटा घातलेला. पदर चौघींचाही उजव्या खांद्यावर. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावरूनच घेतात. एखादी गुजराथीण असती तर समजलं असतं, पण नऊवारीत चारही बाया उजवा पदर? आणि त्यात अपसव्य नसतं :) शिवाय धुणं आपटायचं दांडकं कुठल्या हातात आहे बघा. चौघीही डाव्या हाताने आपटतायत. एका घाटावर चार डावखुऱ्या?

पुस्तककिडा

ओझरची सून, हा या धाग्यातला सगळ्यात पक्का पुरावा.

पंचवटीकर

माझ्या सौ.ला दाखवलं. ती पहिल्या नजरेत म्हणाली, "अहो, पदर उलटा आहे." मी तिला दोन दिवस मंदिरं दाखवत होतो. तट नारोशंकराचा, चित्र उलटं, मान्य. ताई, फुली गावाच्या बाजूला, पुलाजवळ, म्हणजे सुंदरनारायणाच्याच अंगाला. तुमचा वाडा तिथेच होता. शेजार गेला, पेढे मात्र देतो.

नाशिकची नात

काका, डोळे भरून आले हो. आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

मोडीप्रेमी

उशिरा आलो, क्षमस्व. पालवा बंदराच्या तिसऱ्या कार्डाचा मजकूर वाचला. अक्षर वळणदार आहे, कारकुनाचं, फारसं अडलं नाही. देवनागरीत देतो:

"तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. मिती कार्तिक वद्य पंचमी, शके १८३३. येथील क्षेम. बंदरावर बादशहाचे स्वागताचा मंडप उभारीत आहेत, काम रात्रंदिवस चालू. रुपये सात पाठविले ते पोचल्याचे लिहावे. चि. बाळचे खोकल्यास ज्येष्ठमध द्यावे. पाणी गंगेचे न देतां विहिरीचे द्यावे. मातोश्रींस नमस्कार."

शके १८३३ कार्तिक वद्य म्हणजे नोव्हेंबर १९११. शिक्क्यावरचं "११" हे साल असणार.

पालवा

अंगावर काटा आला! पाचवे जॉर्ज २ डिसेंबर १९११ला पालव्यावर उतरले. त्यांच्यासाठी तात्पुरता मंडप उभारला होता, आणि गेटवे बांधला तो त्या आगमनाची आठवण म्हणून. मी वर गेटवे नसण्यावरून काळ काढत बसलो होतो, आणि पणजोबा त्याच धक्क्यावर उभे राहून तो मंडप बघत होते.

गोदाकन्या

"पाणी गंगेचे न देता विहिरीचे द्यावे." १९११लाही?

पंचवटीकर

घाटावर सगळंच चालायचं, गावाचं सांडपाणी नदीलाच. श्रद्धा वेगळी, प्यायचं पाणी वेगळं, हे जुन्या लोकांना कळत होतं. गंगापूर धरण व्हायला १९६५ उजाडलं.

जुनी पेटी

पत्रात पत्नीबद्दल एक अक्षर नाही, हे लक्षात आलं का? सातही कार्डं वडिलांच्या नावाने असणार. बायकोला कार्ड लिहायची रीत नव्हती. उघडं कार्ड, पोस्टमनपासून सगळे वाचणार.

ताई, जपण्याबद्दल एक सांगते, कारण मी एकदा चुकलेय. लॅमिनेट करू नका. सेलोटेप लावू नका. चिकटवहीत चिकटवू नका, पाठीवरचा मजकूर जातो. आम्लरहित कागदाच्या पाकिटात एकेक ठेवा, उन्हापासून लांब. आजोबांची पत्रं मी हौसेने लॅमिनेट करून आणली होती, आता शाई पसरलीय आणि काही करता येत नाही.

भिंगवाला

अनुमोदन. आणि कार्ड हातात धरायचं ते कडेने.

एक प्रश्न राहिला. नाशिकच्या चारही कार्डांच्या कोपऱ्यांना बारीक भोकं आहेत, टाचणीची. मुंबईच्या सातांपैकी एकालाही नाहीत. ही चार कार्डं कुठेतरी भिंतीवर लावलेली होती.

नाशिकची नात

भोकं मी पाहिली होती, वाळवी समजले. आत्याला विचारलं. ती म्हणाली, पणजोबा गिरगावात एका खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहायचे, प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीचा एक तुकडा आणि एक खुंटी. नाशिकची कार्डं त्यांनी मुंबईतच विकत घेतली असणार. ती निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आली.

मोडीप्रेमी, आणखी एक त्रास देऊ का? फुलीवाल्या कार्डाच्या कडेला, पांढऱ्या पट्टीत, पेन्सिलीची फिकट ओळ आहे. पहिल्या फोटोत ती कापली गेली होती. मला ती नुसती रेघोटी वाटली. आता मोठं करून बघितलं तर अक्षरं वाटतायत. वेगळी जोडतेय.

मोडीप्रेमी

अक्षरंच आहेत. तेच वळण. पेन्सिल पुसट झालीय, म्हणून दोनदा तीनदा ताडून बघितलं:

"चित्र उलटे छापिले आहे. फुलीपाशी आपला वाडा. माडीची मधली खिडकी तिची."

भिंगवाला

आणि मी कोलोटाइप समजावत बसलो होतो. त्यांना ११० वर्षांपूर्वीच कळलं होतं.

ओझरची सून

तिची.

तांबट आळी

ताई, फुलीच्या जागी ९०० डीपीआयमध्ये खिडकी दिसते का?

नाशिकची नात

तीन काळे ठिपके दिसतात, एका ओळीत. मधला थोडा मोठा आहे, किंवा मला तसा वाटतोय. पणजीचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

स्कॅन आरशात फिरवून छापून घेतलाय, आता तो घेऊन त्याच जागी उभं राहायचंय. पंचवटीकर काका, रामसेतूवरून पूल आणि नारोशंकर दोन्ही एका चौकटीत येतील का? आत्यालाही आणणार आहे, तिला पायऱ्या उतरवत नाहीत, तेव्हा गाडी जवळ नेता येईल अशी जागा सांगा.

पंचवटीकर

येतील, थोडं खालच्या अंगाला सरकून उभं राहावं लागेल. गाडी आमच्या दारात लावा, तिथून आत्याबाईंना खुर्चीत बसवून मी आणि माझा मुलगा घेऊन येतो. सकाळी नऊच्या आधी या, नंतर ऊन चढतं. बुधवार सोडून कुठलाही दिवस. बुधवारी बाजारामुळे खुर्ची टेकवायलाही जागा मिळत नाही.

नाशिकची नात

मग गुरुवारी येतो. आत्या विचारतेय, पेढे कुठले?